स्पोर्टी हॅचबॅकची तुलना करताना या चुका टाळा

पहिली चूक मी स्वतःच केलेली. एक गाडी रविवारी सकाळी सातला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर चालवली, दुसरी सोमवारी संध्याकाळी ठाण्यात माजिवड्याहून घोडबंदर रोडला. पहिली विमान वाटली, दुसरी बैलगाडी. तुलना झाली ती रविवार आणि सोमवारची! दोन्ही गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, तितकीच माणसं बसवून चालवा. त्यात घोडबंदर रोडवरचा गायमुखचा घाट घ्याच. चढ आहे, वळणं आहेत आणि खड्डे शोधत फिरावं लागत नाही. पाम बीचच्या सपाटीवर सस्पेन्शनचा, म्हणजे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचा, कस लागतच नाही.

दुसरी चूक म्हणजे नुसते पीएस, म्हणजे इंजिनाच्या ताकदीचा आकडा, बघणं. २०२४ च्या स्विफ्टचे ८२, आय२० एन लाइन आणि अल्ट्रोझ रेसर या टर्बो गाड्यांचे १२०-१२०. पण टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, इंजिनाच्या किती फेऱ्यांवर (आरपीएम) मिळतो? एन लाइनचा १७२ एनएम १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतो, स्विफ्टचा ११२ एनएम थेट ४३०० ला. म्हणजे चढावर स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये मरगळली तर नाक मुरडू नका, दुसरा टाका. टर्बोवालीही १५०० च्या खाली रेंगाळलात की ओढत नाही. स्पीडब्रेकर उतरून दुसऱ्यात उचलून बघा, कळेल. आणि स्विफ्टचं वजन साधारण ९२० किलो. वळणावर तो हलकेपणा जाणवतो, पीएसच्या रकान्यात नाही.

सगळ्यात महागात पडते ती टायरची चूक. शोरूममध्ये चालवायला मिळतं बहुतेक वेळा वरचं व्हेरियंट, आपण बुक करतो खालचं. स्विफ्टच्या वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर१५ टायर, खालच्या व्हीएक्सआयला १६५/८० आर१४. चाकाची एकूण उंची जवळपास सारखीच, पण खालच्या व्हेरियंटचा टायर अरुंद आणि बाजूने उंच. वळताना आधी टायर दबतो, मग गाडी वळते. माझ्या भाच्याने हेच केलं आणि महिनाभर स्टिअरिंगला शिव्या घातल्या.

घरी आणलेली गाडी टेस्ट ड्राइव्हसारखी वाटत नसेल तर आधी हवा तपासा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, आकडा तिथला घ्या, टायर थंड असताना. हवा जास्त असेल तर गाडी खड्ड्यात आपटते, कमी असेल तर स्टिअरिंग जड होतं. हवा बरोबर असूनही एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट, करून घ्या. ताशी ऐंशीच्या आसपास स्टिअरिंग थरथरलं तर व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. सस्पेन्शन उघडायला निघालेल्या मेकॅनिकला तोवर थांबवा.