'डेव्हस्टेटिंग' कुठे लिहावं, कुठे टाळावं

'डेव्हस्टेटिंग' म्हणजे होत्याचं नव्हतं करणारं. उच्चारताना जोर पहिल्या 'डे'वर द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, तिथे हा शब्द शोभतो. चार झावळ्या पडल्या तर नाही.

वाक्य असं करा: 'द सायक्लोन हॅड अ डेव्हस्टेटिंग इफेक्ट ऑन अवर ऑर्चर्ड्स.' 'इफेक्ट'पुढे 'ऑन' येतं. पण 'अफेक्टेड' वापरलंत तर 'ऑन' काढा. मराठीतला 'बागांवर' डोक्यात असतो, म्हणून ही चूक हमखास होते.

उद्ध्वस्त करणारं ते 'डेव्हस्टेटिंग', उद्ध्वस्त झालेलं ते 'डेव्हस्टेटेड'. वाडी, गाव, खचलेला माणूस, सगळ्यांना दुसरं रूप.

'व्हेरी' मात्र लावू नका. शब्दातच टोक गाठलेलं आहे. जोर हवाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली' घ्या. 'सिव्हिअर'चं तसं नाही, त्याला पायऱ्या आहेत. हवामान खात्याच्या वर्गवारीत ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वाऱ्याचं वादळ 'सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म', त्याच्या वरचं 'व्हेरी सिव्हिअर'. निसर्ग पहिल्या गटातलं.

नुकसानभरपाईच्या इंग्रजी अर्जात हा शब्द एकदाच, सुरुवातीला पुरे. विशेषणाचा पंचनामा होत नाही. पुढे लगेच गट नंबर, क्षेत्र, मुळासकट उपटलेली झाडं किती, शेंडा मोडलेली किती, त्यांचं वय आणि घराच्या पत्र्यांची संख्या लिहा.