व्हाइट सँड्समध्ये पायी फिरायचं असेल तर

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या व्हाइट सँड्स नॅशनल पार्कची वाळू उन्हाळ्यातही फारशी तापत नाही, त्यावर अनवाणी चालता येतं. लोक फसतात ते इथेच. पायाला चटका बसत नाही म्हणून उन्हाचा अंदाज येत नाही, आणि घसा कोरडा पडतो तेव्हा गाडी तीन-चार किलोमीटर मागे राहिलेली असते. ही वाळू जिप्समची आहे. गणेशमूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस ज्यापासून करतात तेच खनिज. पांढऱ्याशुभ्र वाळूवरून परतलेलं ऊन खालून लागतं आणि हनुवटी, नाकाची खालची बाजू भाजून निघते. सनस्क्रीन तिथेही चोपडा. गॉगल हवाच.

निघण्याआधी दोन गोष्टी. शेजारच्या मिसाइल रेंजवर चाचणी असली की पार्कचा रस्ता तीन तासांपर्यंत बंद राहू शकतो. आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर पाहून घ्या. आणि लास क्रूसेस शहराच्या बाजूला हायवे ७० वर बॉर्डर पेट्रोलची, म्हणजे सीमा पोलिसांची चौकी आहे. व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि कागदपत्रं, नाहीतर ग्रीन कार्ड जवळ ठेवा. हॉटेलात ठेवून येऊ नका.

खरी पायपीट अल्कली फ्लॅट ट्रेलची: ८ किलोमीटरचा फेरा, साधारण तीन तास. नावात फ्लॅट असलं तरी सपाट नाही, सारखं चढणं-उतरणं आहे. वाट अशी नसतेच, पावलं वाऱ्याने पुसली जातात. वाळूत रोवलेले लाल खांब हीच वाट. एका खांबापाशी उभं राहून पुढचा खांब दिसला तरच पाऊल उचला. दिसत नसेल तर खांब वाळूखाली गेलेला किंवा पडलेला असू शकतो. शोधाशोध न करता मागे फिरा. सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात, मोबाइलच्या सिग्नलचा भरवसा नाही. निघताना ट्रेलच्या तोंडाशी ठेवलेल्या वहीत नोंद करा.

पाणी फक्त व्हिजिटर सेंटरपाशी मिळतं. माणशी चार लिटर भरून घ्या, सोबत ओआरएस आणि खारे दाणे. निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत. तापमान ३० अंश सेल्सियस झालं असेल तर सुरुवातच करू नका. मुलं सोबत असतील तर निळ्या खांबांचा ड्यून लाइफ ट्रेल घ्या, दीड किलोमीटरचा आहे.

चढताना वाऱ्याकडची, म्हणजे बहुधा नैर्ऋत्येची बाजू धरा. तिथली वाळू दबून घट्ट झालेली असते, उतारही मंद असतो. आडोशाच्या उभ्या बाजूने चढलात तर प्रत्येक पावलागणिक अर्धं पाऊल खाली घसराल आणि दम तिथेच संपेल. वसंतात वारा फार असतो. वाळूचं वादळ उठलं तर वाऱ्याकडे पाठ करून बसा, खांब पुन्हा दिसू लागल्यावरच उठा. जुलैपासून दुपारी विजा कडाडतात, तेव्हा टेकडीच्या माथ्यावर थांबू नका.

घसरगुंडीसाठी प्लास्टिकची गोल थाळी पार्कच्या दुकानात मिळते. तिच्या तळाला मेण नीट चोळा, नाहीतर ती जागची हलत नाही. उतार निवडताना पायथा बघा: टेकड्यांमधली जमीन मऊ वाटते, पण ती कडक असते आणि उभ्या उतारावरून वेगाने आपटलं तर हाड मोडू शकतं. उतार शेवटाकडे हळूहळू सपाट होणारा हवा, समोर झुडूप किंवा रस्ता नको.