घरगुती पापड-मसाल्याच्या वेबसाइटवर अनोळखी गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवावा

बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, काळा मसाला करून विकणारी घरं खानदेशात गावोगावी आहेत. त्यातल्या बऱ्याच जणींनी आता स्वतःची वेबसाइट काढली आहे आणि बहुतेकींची तक्रार एकच असते: लोक बघून जातात, घेत नाहीत. मग कुणीतरी सुचवतं की रंग बदला, नवा लोगो करा, कोपऱ्यात 'शंभर टक्के खात्रीशीर' असा गोल शिक्का लावा. यावर एक रुपयाही घालवू नका. सुरतेत उधन्याला राहणाऱ्या किंवा पुण्यात नोकरीला गेलेल्या माणसाला बिबडे हवेच असतात. तो अडतो तो एवढ्यासाठीच की पैसे दिले आणि माल खराब निघाला तर धरायचं कुणाला? हे ज्या साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं, तिथे ऑर्डर येते. मी जळगाव-धुळ्याकडच्या गृहउद्योगांच्या साइट करून देते, आणि सगळ्यात आधी हेच बघते.

डोमेन, होस्टिंग, सुरक्षित पेमेंटची सोय झालेली आहे असं धरून पुढे जाते.

1. माणूस दिसू द्या

'आमच्याविषयी' या पानावर परंपरा आणि दर्जाची वाक्यं नकोत. गाव, गल्ली, तालुका लिहा, काम कोण करतं ते लिहा, फोन कोण उचलेल आणि किती वाजेपर्यंत तेही लिहा. खाण्याच्या पदार्थांसाठी एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी नंबर पानाच्या तळाशी हवाच. प्रत्येक वस्तूखाली निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता द्या. हे पाकिटावर असतं तसं साइटवरही द्यावं लागतं.

एक गोष्ट हमखास राहून जाते. साइटवर गृहउद्योगाचं नाव असतं आणि क्यूआर कोड स्कॅन केला की पडद्यावर भलत्याच माणसाचं नाव येतं, बहुधा दिराचं किंवा मुलाचं. गिऱ्हाईक तिथेच थांबतं, आणि त्याचं काही चुकत नाही. उद्योगाच्या नावाने चालू खातं काढा, यूपीआय त्यालाच जोडा.

2. फोटो

दुसऱ्याचे उचलू नका. मोबाइल पुरतो, सकाळचं ऊन पुरतं. बिबडा हातात धरून एक फोटो, म्हणजे आकार कळतो, आणि भाजलेल्या बिबड्याचा एक, ज्यात वरचे तीळ आणि फोड दिसतील. जमलं तर गच्चीवर बिबडे थापताना काढलेला छोटा व्हिडिओ टाका. त्यात तुम्ही घरात बोलता तसंच बोला, अहिराणी असो की लेवा बोली. गाव सोडून गेलेल्या माणसाला ती बोली ऐकली की कुठला माल आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

3. माल बिघडला तर काय, हे पान

सगळं इथे अडतं. ही मजकुराची बाजू नीट बसवायला मलाही फार वेळ लागला, कारण दोन्हीकडून भीती असते. शब्द कडक झाले तर गिऱ्हाईक पळतं, सैल झाले तर फुकटात माल मागणारे येतात.

आधी एक पक्कं लक्षात ठेवा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही दुकानातली पाटी साइटवर उतरवायची नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचला असेल, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण करणाऱ्या व्यक्तीचं नाव, हुद्दा, संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची. घरच्या उद्योगात ती व्यक्ती तुम्हीच असणार. मग नाव लपवून काय मिळणार? ठळक लिहा.

दुसऱ्या मोठ्या साइटचं धोरण उचलून चिकटवणं तर अजिबात करू नका. त्यात मोबाइल आणि कपड्यांसाठी लिहिलेल्या अटी असतात. पापडाला 'टॅग काढलेला नसावा' ही अट वाचून लोक काय समजतील? पापडाच्या तीनच अडचणी आहेत: फुटणं, सादळणं, खवट होणं. तिन्हींवर वेगवेगळं लिहा, आणि स्वयंपाकघरातल्या शब्दांत लिहा.

माझा नमुना असा असतो: 'प्रवासात चार-दोन पापड फुटतातच, म्हणून पाकिटात थोडे जास्तीचे घालतो. पाव पाकिटापेक्षा जास्त चुरा झाला असेल, पापड सादळलेले असतील किंवा वास लागत असेल, तर पार्सल मिळाल्यापासून तीन दिवसांत व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवा. दुसरं पाकीट आमच्या खर्चाने येईल. नको असेल तर पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जातील. खराब माल परत पाठवायची गरज नाही.'

'पाव पाकीट' या शब्दांनी माझी अडचण सुटली. 'मोठ्या प्रमाणात नुकसान' असं लिहिलं की वाद होतो, कारण प्रमाण ज्याचं त्याचं. पाव पाकीट दोघांनाही डोळ्यांनी दिसतं. वासाचा फोटो निघत नाही, तिथे गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. पावसाळ्यात सादळल्याच्या तक्रारी वाढतात, म्हणून त्या दिवसांत दुहेरी पिशवी वापरा आणि तसं साइटवर सांगा.

पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ मागणारी अट आजकाल सगळीकडे दिसते. मी ती कुठेच घालू देत नाही. सत्तरीची मावशी एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून पार्सल उघडेल का? त्या अटीचा अर्थ तिला एवढाच कळतो की हे लोक आपल्याला आधीच खोटं धरून बसलेत. एखादा लबाड निघाला तर तुमचं एक पाकीट जाईल. त्याला पुढच्या वेळी माल देऊ नका, पण त्याच्यापायी बाकीच्यांची झाडाझडती घेऊ नका.

आणि हे पान तळाशी बारीक अक्षरांत गाडू नका. प्रत्येक वस्तूच्या किमतीखाली एक ओळ हवी: 'फुटले, सादळले तर बदलून देतो', आणि तिथून या पानावर जाता यावं.

4. किंमत

कुरियरचा खर्च वस्तूच्या पानावरच सांगा. शेवटच्या पायरीला वाढलेला आकडा बघून माणूस निघून जातो.

5. अभिप्राय आणि शिक्के

विक्रेत्याने गिऱ्हाईक बनून स्वतःच अभिप्राय लिहायला वर सांगितलेल्या ई-कॉमर्स नियमांनी बंदी आहे, आणि वाचणाऱ्याला ते ओळखूही येतं. खरे पाच पुरे. 'मसाला छान, पण आमच्याकडे तिखट झाला' असा अभिप्राय काढून टाकू नका, खाली उत्तर द्या की कमी तिखटाचाही मिळतो. 'फक्त 3 पाकिटं उरली' असं खोटंच लिहून घड्याळ पळवणं बंद करा. डार्क पॅटर्न, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या साइटवरच्या युक्त्या, यांविषयीच्या केंद्राच्या 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई लावणं हा प्रकार नावानिशी आहे. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, पण तेवढ्यावरून केळीच्या वेफर्सवर किंवा पापडावर ते चिन्ह लावू नका. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल त्यानेच आणि त्याच मालावर ते वापरायचं असतं.

6. सुरू करण्याआधी

बाहेरगावच्या एखाद्या नातेवाइकाला, शक्यतो वयस्कर माणसाला, पूर्ण पैसे भरून ऑर्डर करायला सांगा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. तो जिथे थांबून तुम्हाला फोन करेल, ती जागा लिहून घ्या. पार्सल पोचल्यावर त्यालाच मुद्दाम तक्रार करायला लावा आणि दुसरं पाकीट किती दिवसांत पोचतं ते बघा. जितके दिवस लागले, तेवढेच साइटवर लिहा.