ड्रायव्हर कार्ड ओळखतो कसा? या चुका टाळा

संगणकात नवं कार्ड बसवलं, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह आलं, की बहुतेक जण खोक्यावरचं नाव शोधून मिळेल तो ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) उतरवतात. पहिली चूक हीच. ऑपरेटिंग सिस्टिमला त्या नावाशी काही देणंघेणं नसतं. पीसीआय कार्ड (मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारं) विचारल्यावर आपले क्रमांक सांगतं: आधी व्हेंडर आयडी म्हणजे कंपनीचा क्रमांक, मग डिव्हाइस आयडी म्हणजे चिपचा, दोन्ही १६ बिटांचे आणि हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेले, म्हणून त्यांत ए ते एफ अक्षरंही येतात. इंटेलचा व्हेंडर आयडी ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई, रिअलटेकचा १०ईसी. ड्रायव्हरकडे आपल्याला चालणाऱ्या क्रमांकांची यादी असते. जुळलं तर काम सुरू. म्हणून रिअलटेकच्या ८१११ चिपचा डिव्हाइस आयडी ८१६८ दिसला तरी कार्ड बनावट ठरवू नका. त्या घराण्यातल्या बऱ्याच चिप्स तोच आयडी सांगतात, फरक रिव्हिजनमध्ये, म्हणजे आवृत्तीच्या क्रमांकात असतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज असं जा. तिथे बऱ्याच ओळी दिसतील. सगळ्यात वरची सर्वांत नेमकी, खाली जावं तशा ढोबळ. लोक व्हेंडर आणि डिव्हाइस एवढंच पाहतात आणि 'सबसिस' (सबसिस्टिमचा आयडी) सोडून देतात. चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचं, हे सर्रास असतं आणि सबसिस त्या दुसऱ्याची ओळख देतो. लॅपटॉपवर चिप कंपनीचा ड्रायव्हर 'हे हार्डवेअर चालणार नाही' म्हणतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. अशा वेळी ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (क्रमांकांची यादी हिच्यातच असते) हाताने क्रमांक घुसडू नका. फाइल बदलली की डिजिटल सही जुळत नाही, आणि इन्स्टॉलेशन तिथेच अडतं.

लिनक्सवाल्यांची गफलत वेगळी. 'एलएसपीसीआय' (lspci, पीसीआय कार्डांची यादी दाखवणारी कमांड) हिने कार्डाचं पूर्ण नाव दाखवलं म्हणजे ड्रायव्हर चालू आहे, असं ते धरून चालतात. ते नाव नुसत्या एका मजकूर फाइलमधून येतं! त्याच कमांडला 'एनएनके' (-nnk) पर्याय देऊन 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते पाहा. नसेल तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) जुना असेल किंवा मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाइल, ब्लॅकलिस्टमध्ये (लोड न करायच्या यादीत) असेल. ओळ असूनही कार्ड गप्प असेल, तर 'डीमेसेज' (dmesg) या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) न सापडल्याची तक्रार शोधा.

आणि कार्ड सिस्टिमच्या यादीतच दिसत नसेल तर? तिथे ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून उपयोग नाही. रिकाम्या स्लॉटला आयडी विचारला तर एफएफएफएफ एवढंच उत्तर येतं. मशीन बंद करून कार्ड नीट बसवा, पॉवर केबल तपासा, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) स्लॉट बंद नाही ना तेही बघा.