उंदरांवरचे माइट गोळा करताना या चुका टाळा

गळीत हंगाम सुरू झाला, फडांत कोयते लागले, की एम.एस्सी.ची एक-दोन मुलं माझ्याकडे हमखास येतात. "सर, उंदरांवरच्या माइटचा प्रोजेक्ट करायचाय. उसातले उंदीर, गावातले उंदीर आणि जंगलातले उंदीर, तिन्हींची तुलना." माइट म्हणजे गोचिडीच्या नात्यातले अगदी बारीक जीव. हा विषय मला मनापासून आवडतो. त्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. पश्चिमेला गगनबावडा-राधानगरीचं जंगल, पन्हाळ्याच्या बाजूला सडे आणि गवताळ माळ, मध्ये पंचगंगेच्या काठचा ऊस आणि शिरोळकडे निघालं की पाऊस झपाट्यानं कमी होत जातो. दीड-दोन तासांच्या प्रवासात एवढे बदल. पण दरवर्षी त्याच चुका होतात, आणि त्यातल्या बहुतेक शिवारात, पहिल्याच आठवड्यात होतात. तिथं जे निसटलं ते पुढं कितीही भारी सूक्ष्मदर्शक आणला तरी परत मिळत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान चापामुळं होतं. घरात वापरतात तो चाप उंदीर मारतो, आणि मेलेला उंदीर थंड व्हायला लागला की त्याच्यावरचे माइट आणि पिसवा त्याला सोडून निघतात. रात्री दहाला मेलेला उंदीर तुम्ही सकाळी सातला उचललात, तर हातात येतो तो रिकामा उंदीर. मग वहीत 'माइट आढळले नाहीत' अशी नोंद होते. ती नोंद खोटी नसते, पण ती उंदराबद्दल काही सांगत नाही. जिवंत पकडणारा पिंजरा लावा. संध्याकाळी लावायचा, ऊन चढायच्या आत उचलायचा. आमिषाला शेंगदाण्याच्या तेलात परतलेली भाकरी किंवा सुका बोंबील उत्तम. एक उंदीर, एक पांढरी कापडी पिशवी. दोन उंदीर एका पिशवीत घातले की कुणाचा माइट कुणावर गेला हे कुणीच सांगू शकत नाही. पिशवीचे कोपरे उलटे करून तपासायला विसरू नका, निम्मा ऐवज कधीकधी तिथंच असतो. पिंजरेही प्रत्येक फेरीनंतर गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवायचे, नाहीतर परवाच्या घरउंदराचे माइट आजच्या शेतउंदराच्या खात्यावर जमा होतात.

पिंजरे कुठं लावायचे हे शेतकऱ्याला विचारा. कागल तालुक्यातल्या एका फडाच्या बांधावर मी दोन दिवस रिकाम्या हातानं बसलो होतो. तिसऱ्या दिवशी शेतमालक म्हणाले, "सर, उभ्या उसात कशाला लावताय? तोड झाली की उंदरं बांधावर येत्यात. तवा लावा, ओढ्याच्या अंगानं." त्यांच्या सांगण्यावरून जागा बदलली आणि दुसऱ्याच सकाळी पिंजरे भरलेले होते. मात्र हेही वहीत लिहायला हवं: तोडीनंतर बांधावर सापडलेला उंदीर कालपर्यंत फडातल्या पाचटाखाली राहत होता. त्याच्या अंगावरचे माइट बांधाचे नाहीत, फडाचे असू शकतात.

ओळखीतली एक चूक फार सामान्य आहे. पिंजऱ्यात चिचुंदरी येते आणि तिची नोंद 'लहान उंदीर' म्हणून होते. चिचुंदरी उंदीर नाही, ती कृंतक गणातलीच, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांतलीच नाही. तिचं लांबट तोंड, बारीक डोळे, कस्तुरीसारखा उग्र वास आणि दातांची ठेवण पाहिली की शंका राहत नाही. तिच्यावरही चिगर माइट (ज्यांची फक्त अळी अंगाला चिकटून रस पिते) असतात, म्हणून तिला फेकून देऊ नका, पण तिचा रकाना वेगळा ठेवा. उंदरांमध्येही 'शेतातला उंदीर' एवढं लिहून भागत नाही. उसात बिळं करणारा बँडिकोटा बेंगालेन्सिस, मऊ केसांचा मिलार्डिया, माळावरचा जर्बिल, इवलासा शेतउंदीर यांची राहणी वेगवेगळी, बिळं वेगवेगळी आणि अंगावरचे पाहुणेही वेगवेगळे. वजन, शेपटीची लांबी, मागच्या पायाची लांबी, कान, लिंग, वय हे सगळं जागच्या जागी मोजा.

आता अंगावर काय सापडलं ते. सहा पाय दिसले की 'कीटक' म्हणून बाजूला टाकायचं, ही घाई नको. माइटच्या अळीला सहाच पाय असतात, आठ पाय पुढच्या अवस्थांना. अळीला मिशा नसतात आणि शरीर डोकं-छाती-पोट असं विभागलेलं दिसत नाही. उवा आणि पिसवा यांना मिशा असतात. आणि गोचीड माइटची नातलग असली तरी तिची नोंद वेगळीच करायची. याच्या उलट चूकही होते: अंगावर सापडला म्हणजे परजीवी. शाहूपुरीच्या बाजारासारख्या गुळाच्या नाहीतर धान्याच्या गोदामात पकडलेल्या उंदराच्या केसांत साठवणीच्या मालातले पांढुरके माइट असू शकतात. ते उंदराचं रक्त पीत नाहीत, फक्त केसांना चिकटून आलेले असतात. त्यांची संख्या परजीवींच्या बेरजेत मिसळली तर गोदामाचा उंदीर उगाचच सगळ्यात 'बाधित' ठरतो.

नुसतं विंचरून थांबू नका. पांढऱ्या ट्रेवर उंदीर धरून जुन्या टूथब्रशनं केस उलटे फिरवले की लेलॅप्ससारखे तपकिरी, चकचकीत, पळणारे माइट पडतात. पण चिगरची अळी कानाच्या पाळीत, शेपटीच्या मुळाशी, जननेंद्रियाभोवती तोंड रुतवून बसलेली असते, ती ब्रशनं निघत नाही. कानात नारिंगी-लालसर भुकटी चिकटल्यासारखं दिसलं तर ती भुकटी नव्हे, डझनावारी अळ्या असतात. बारीक चिमट्यानं किंवा ओल्या ब्रशच्या टोकानं हळूच सोडवा. कानावर, नाकावर खपल्या असतील तर त्वचा खरवडून पाहावी लागते, कारण खरजेचे माइट कातडीत बिळं करून राहतात. मायोबिया, रॅडफोर्डियासारखे केसांना मिठी मारून बसणारे माइट भिंगाखाली केस न केस पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल लागतं, फॉर्मलिन अजिबात नको. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून कुपीच्या आत टाका. मी पहिल्या वर्षी बॉलपेननं लिहिलं होतं. महिन्याभरानं कुप्या उघडल्या तेव्हा शाई अल्कोहोलमध्ये उतरली होती आणि ४० कुप्यांपैकी कुठली राधानगरीची, कुठली शिरोळची, हे सांगता येत नव्हतं. एक पूर्ण हंगाम वाया गेला. त्या उंदरांना धरण्याचा त्रासही फुकट गेला, आणि ती गोष्ट मला आजही टोचते.

आता मुख्य मुद्दा. 'अधिवास' या रकान्यात मुलं तालुक्याचं नाव लिहितात: राधानगरी, करवीर, शिरोळ. नाहीतर 'जंगल', 'शेत', 'घर'. माइटच्या दृष्टीनं या शब्दांना फारसा अर्थ नसतो. माइट आपल्याला उंदरावर दिसतो, पण त्याचं घर बहुतेकदा उंदराच्या खाली असतं. चिगरचंच घ्या. लेप्टोट्रॉम्बिडियम डेलियेन्सची मादी मातीत अंडी घालते. अळी गवताच्या टोकाशी किंवा पालापाचोळ्यावर येऊन वाट पाहते, उंदीर जवळून गेला की चढते, काही दिवस ऊतींचा रस पिते आणि गळून पडते. त्यापुढचं सगळं आयुष्य मातीतच, छोट्या किड्यांची अंडी खाऊन. परजीवी असते ती फक्त अळी, तीही साधारण एकदाच. म्हणजे उंदराच्या कानातल्या चिगरची संख्या त्या मातीतली ओल, सावली आणि गवत सांगते. लेलॅप्सचं वेगळं. तो उंदराच्या अंगावर आणि त्याच्या बिळातल्या घरट्यात राहतो. यजमान, म्हणजे ज्याच्या अंगावर तो जगतो तो उंदीर, जिकडे जाईल तिकडे तो जातो. त्याची संख्या मुख्यतः उंदराची जात आणि बिळातली गर्दी सांगते.

या दोघांना एका बेरजेत घालून 'जंगलात माइट जास्त' असं लिहिलं की निष्कर्ष हातातून निसटतो. उसात बँडिकोटा पकडला, घरात घरउंदीर पकडला आणि दोघांवरचे माइट वेगळे निघाले, तर तो फरक अधिवासाचा की यजमानाचा? हे सांगायचं असेल तर एकच जात दोन अधिवासांत मिळवावी लागते. घरउंदीर गावात मिळतो, रानाच्या कडेला मिळतो, तोच धरून तुलना करा.

म्हणून रकाना मोठा करा. पिंजऱ्याच्या जागेवरची माती काळी की तांबडी, जमीन हाताला ओली लागते का, सावली किती, गवत गुडघ्याइतकं की घोट्याइतकं, पाचट किती जाड, बीळ बांधात की सरीत, लावण की खोडवा, शेवटचं पाणी कधी दिलं. हे लिहायला पाच मिनिटं लागतात. जमलं तर बिळातल्या घरट्याचा पालापाचोळा पिशवीत भरून आणा आणि दिव्याखालच्या फनेलमध्ये ठेवा. उष्णतेनं माइट खाली सरकून अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. गवतावरचे चिगर पाहायला काळ्या रंगाची छोटी पाटी जमिनीवर ठेवून काही मिनिटं थांबा, नारिंगी ठिपके तिच्यावर फिरताना दिसतात. उंदीर न पकडताही अधिवासाची परीक्षा होते.

ऋतूचंही तसंच. गगनबावड्याचे नमुने ऑक्टोबरात आणि शिरोळचे एप्रिलात घेतले, तर तुम्ही दोन तालुक्यांची नव्हे, दोन ऋतूंची तुलना केली. चिगर पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर वाढतात. दोन्हीकडे त्याच पंधरवड्यात जा.

सरासरीनं फसू नका. समजा दहा उंदीर पाहिले. सातांवर काहीच नाही, दोघांवर तीन-तीन आणि एकावर ९४ माइट. सरासरी येते दहा, पण दहा माइट असलेला उंदीर एकही नाही. बाधित उंदरांचं प्रमाण ३० टक्के, बाधित उंदरामागे ३३.३ माइट. दोन्ही आकडे वेगळे लिहा. परजीवी असेच थोड्या यजमानांवर एकवटलेले असतात, त्यामुळं एका अधिवासातून तीन-चार उंदीर घेऊन काही ठरवता येत नाही.

'उंदराला कसली परवानगी' हे उत्तर मला दरवर्षी ऐकायला मिळतं. वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उंदीर उपद्रवी प्राण्यांत मोडायचे, पण २०२२ च्या दुरुस्तीनं ते परिशिष्टच गेलं. राधानगरी तर १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, तिथं वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही पिंजरा लावायचा नाही. महाविद्यालयाच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरीही आधी घ्या.

आणि स्वतःला जपा. उंदराच्या मुताशी संबंध आला की लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, म्हणून हातमोजे आणि गमबूट हवेतच. गवतात बसायचं नाही, कपडे गवतावर टाकायचे नाहीत, पँट मोज्यांत खोचायची, उघड्या अंगाला किडे दूर ठेवणारं मलम लावायचं. चिगरच्या अळीच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. त्याचा जीवाणू, ओरिएंशिया सुत्सुगामुशी, माइटच्या आईकडून अंड्यात उतरतो. घरातल्या उंदरांना औषध घातलं तर मेलेले उंदीर आणि घरटी लगेच काढून टाका, कारण यजमान गेला की ऑर्निथोनिसस बॅकोटीसारखे रक्तपिपासू माइट माणसांना चावायला येतात. शिवारातून परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी आली तर काख, जांघ, कमरेचा पट्टा तपासा. सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि ती दिसली नाही तरी मी उंदरांवर काम करतो, गवतात फिरलो होतो, हे त्यांना सगळ्यात आधी सांगा.