सिमेंट कंपनीचा इतिहास लिहायचाय? आधी भट्ट्या मोजा

कंपनीचा इतिहास लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो संस्थापकांच्या तसबिरीपासून सुरुवात करायचा. सिमेंटच्या बाबतीत तो आवरा. इथे मालक बदलतात, नाव बदलतं, पोत्यावरचं चित्र बदलतं. खाण आणि भट्टी मात्र जागची हलत नाही. त्यामुळे कणा कारखान्याचा धरायचा आणि संचालक, भागभांडवल, जाहिराती त्यावर चढवत न्यायच्या.

एक मोठा तक्ता आखा. एका ओळीत एक कंपनी किंवा एक कारखाना नाही, एक भट्टी. रकाने असे: गाव आणि जिल्हा, चुनखडीची खाण, भट्टी पेटल्याची तारीख, ओली की कोरडी पद्धत, रोजचं क्लिंकर (भट्टीतून भाजून निघणारे खडे, हेच दळून सिमेंट होतं) किती टन, मालक कोण आणि कधीपासून कधीपर्यंत, बंद कधी झाली. सिमेंट दळणाऱ्या गिरण्यांसाठी वेगळा तक्ता ठेवा. भट्टी आणि गिरणी एकाच ओळीत कोंबली की पुढचे सगळे हिशेब चुकतात.

तारखेपाशी पहिला घोळ होतो. प्रत्येक कारखान्याला चार तारखा असतात: कंपनीची नोंदणी, भट्टी पेटणं, व्यापारी उत्पादन सुरू होणं आणि मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. यांत दोन-तीन वर्षांचं अंतर सहज पडतं. स्मरणिकेत बहुधा उद्घाटनाची तारीख असते, वार्षिक अहवालात व्यापारी उत्पादनाची. कुठलीही घ्या, पण कुठली घेतली ते लिहा आणि सगळ्या ओळींना तीच लावा.

नोंदणीचं वर्ष सीआयएन क्रमांकात, म्हणजे कंपनीच्या सरकारी ओळख क्रमांकात मिळतं. हा २१ अक्षरांचा असतो: शेअर बाजारात नोंद आहे की नाही याचं एक अक्षर, उद्योगाचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरं आणि लगेच चार अंकी वर्ष. पण त्यावर विसंबून कारखान्याचं वय काढू नका. अल्ट्राटेकच्या क्रमांकात २००० आहे. चंद्रपूर जिल्ह्यातला तिचा आवारपूरचा कारखाना मात्र १९८३ चा, लार्सन अँड टुब्रोनं उभारलेला. २००४ मध्ये तो व्यवसाय ग्रासिमच्या ताब्यात गेला आणि पाटी बदलली. उलट उदाहरण एसीसीचं. कंपनी १९३६ ची, टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशॉ या चार गटांच्या दहा कंपन्या एकत्र येऊन झालेली. तिच्या पदरी आलेले काही कारखाने तिच्याहून वयानं मोठे. भारतातलं यशस्वी सिमेंट उत्पादन पोरबंदरला १९१४ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९०४ मध्ये मद्रासला झालेला प्रयत्न टिकला नाही.

मध्यंतरीचा मालक सापडत नसेल तर पोत्याकडे वळा. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. हा परवाना ब्रँडला नसतो, त्या ठिकाणच्या उत्पादनाला असतो. एकाच नावाची दोन पोती शेजारी ठेवून पाहा: चित्र तेच, पण परवाना वेगळा, कारखान्याचा पत्ता वेगळा. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये क्रमांक टाकला की परवानाधारक कळतो. जुन्या पोत्यांचे फोटो गोळा करताना भरणीचा आठवडा आणि वर्ष छापलेली बाजू टिपायला विसरू नका. तीच तुमची तारीख.

आता भट्टी. १९६० च्या सुमारास भारतातल्या बहुतेक भट्ट्या ओल्या पद्धतीच्या होत्या. चुनखडी आणि माती पाण्यात दळून लगदा करायचा, त्यात ३० ते ४० टक्के पाणी, आणि तो लगदा लांबलचक फिरत्या भट्टीत सोडायचा. भट्टीचं पहिलं काम म्हणजे ते पाणी उडवणं. एक किलो क्लिंकरला १,३०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता लागायची. कोरड्या पद्धतीत कच्चा माल पिठासारखा कोरडाच दळतात आणि पाच-सहा टप्प्यांच्या उंच मनोऱ्यात भट्टीतून येणाऱ्या गरम वायूंनी तापवतात. मनोऱ्याच्या तळाशी असलेल्या कॅल्सायनर नावाच्या भागात ८५० ते ९०० अंश सेल्सियसला चुनखडीतला बहुतेक कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टीला उरतं ते १,४५० अंशांना क्लिंकर भाजणं. उष्णता ७०० ते ७५० किलोकॅलरीवर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी. म्हणून १९८० नंतरच्या इतिहासात ‘विस्तार’ असा शब्द दिसला की थांबा. तो नवी भट्टी होता, की जुन्या ओल्या भट्टीचं कोरड्यात रूपांतर? रूपांतरात भट्टीची नळी तीच राहून उत्पादन वाढू शकतं. दोन्हींना एकच नाव दिलं तर कंपनीनं काय केलं हे कळत नाही.

सर्वांत जास्त फसवतो तो क्षमतेचा आकडा. अहवालात ‘सिमेंट क्षमता’ ठळक असते, पण खरी ताकद क्लिंकरची. एक हजार टन क्लिंकर घ्या. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये ९५ टक्के क्लिंकर आणि बाकी जिप्सम धरलं तर सुमारे १,०५० टन सिमेंट होतं. औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळून क्लिंकर ६५ टक्क्यांवर आणलं तर १,५४० टन. पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेल्या स्लॅग सिमेंटमध्ये ते ४५ टक्के धरलं तर २,२०० टनांच्या वर. भट्टी तीच, वीट नवी लागली नाही, आणि कंपनीची क्षमता कागदावर दुप्पट! यात लबाडी काही नाही. आयएस १४८९ हे भारतीय मानक राखेला १५ ते ३५ टक्के मुभा देतं. पण इतिहासात ‘अमुक दशकात उत्पादन दुपटीनं वाढलं’ असं लिहिताना भट्टीनं किती वाढवलं आणि राखेनं किती, हे वेगळं दाखवलंच पाहिजे.

पडताळणी अशी करा. भट्टीची क्षमता रोज ६,००० टन असेल तर वर्षाचे ३३० दिवस धरून क्लिंकर झालं १९.८ लाख टन. ३६५ दिवस धरू नका. आतल्या विटांचं अस्तर बदलायला भट्टी दरवर्षी थंड करावीच लागते. ६५ टक्के क्लिंकरच्या हिशेबानं यातून ३०.५ लाख टन सिमेंट निघतं. कंपनी ६० लाख टन विकत असेल तर उरलेलं क्लिंकर दुसरीकडून येतंय. ते कुठून, हा शोध बहुतेक वेळा एखाद्या विस्मृतीत गेलेल्या कराराशी नेऊन सोडतो.

याच आकड्यावरून खाणही तपासता येते. शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोतले ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडतात, त्यामुळे एका टन क्लिंकरला साधारण दीड टन कच्चा माल लागतो. वरच्या भट्टीला वर्षाला ३० लाख टन. भाडेपट्ट्यात ९ कोटी टन साठा असेल तर आयुष्य तीस वर्षं. २०१५ नंतर नव्या खाणी लिलावानं आणि ५० वर्षांच्या पट्ट्यानं मिळू लागल्या. जुन्या कंपन्या विकत घेण्यामागे भट्टीइतकीच खाणीची ओढ का असते, ते इथे उलगडतं.

काळाचे टप्पे पाडताना दोन तारखा पक्क्या ठेवा: २८ फेब्रुवारी १९८२ आणि १ मार्च १९८९. पहिलीआधी भाव आणि वाटप सरकारच्या हातात, सिमेंटसाठी परमिट. १९८२ मध्ये ठरावीक हिस्सा लेव्ही म्हणून सरकारी भावानं देऊन उरलेलं खुल्या बाजारात विकायची मुभा मिळाली, १९८९ मध्ये नियंत्रण पूर्ण उठलं. नियंत्रणाच्या काळात रेल्वेच्या भाड्याची भरपाई एकत्रित निधीतून व्हायची, त्यामुळे कारखाना बाजारापासून लांब असला तरी बिघडत नसे. ती व्यवस्था गेल्यावर वाहतूक हा खर्च झाला. मग भट्टी खाणीपाशी आणि दळणगिरणी औष्णिक वीज केंद्राजवळ किंवा शहराजवळ, अशी विभागणी रुजली. क्लिंकर ओलाव्याला सिमेंटपेक्षा बरंच सोसतं, म्हणून ते लांब नेणं परवडतं. गुजरात अंबुजानं सुटं सिमेंट जहाजानं मुंबईकडे आणलं, तेही याच हिशेबानं. म्हणून १९८५ चा आणि १९९५ चा नकाशा एकाच फूटपट्टीनं मोजू नका.

१९७०-८० च्या दशकांत उत्पादन अचानक घसरलेलं दिसलं तर लगेच मागणीला दोष देऊ नका. वीजकपात, कोळशाची टंचाई, वॅगन न मिळणं ही तेव्हाची नेहमीची कारणं. अहवालातल्या संचालकांच्या निवेदनात ती लिहिलेली असतात. एकाच कारखान्यात आणि एकाच वर्षी घसरण असेल तर भट्टीतच बघा: अस्तर गळून कवचावर लाल डाग पडला, किंवा आत चिकटलेल्या मालाचं कडं धरून वाट अरुंद झाली की भट्टी थांबवावी लागते.

एककांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. दशमान पद्धतीआधीच्या अहवालांतला टन १,०१६ किलोचा आहे. आर्थिक वर्षंही बदललेली असतात. एसीसी आणि अंबुजा यांचं वर्ष डिसेंबरला संपायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये दोन्ही अदानी समूहाकडे गेल्या आणि त्यांचा पुढचा अहवाल मार्च २०२३ पर्यंत पंधरा महिन्यांचा निघाला. तो बारा महिन्यांशेजारी मांडला की वाढ भलतीच दिसते. बारा भागिले पंधरा असा गुणाकार करू नका. पावसाळ्यात बांधकाम थंडावतं, महिने सारखे नसतात. तिमाही निकाल घेऊन बेरीज करा.

शेवटी आलेखात दोन रंग वापरा, एक बांधलेल्या क्षमतेला आणि दुसरा विकत घेतलेल्या क्षमतेला. विकत घेतलेल्या भट्टीला नवी ओळ देऊ नका, तिच्या मूळ ओळीतच नवा मालक लिहा, नाहीतर उद्योगाची एकूण बेरीज दोनदा होते. बंद पडलेल्या भट्टीची ओळ खोडू नका. ‘बंद’ लिहून वर्ष टाका.