स्मृतिपदकं जमवताय? चिंच आणि मऊ प्लॅस्टिक दूर ठेवा

दिवाळीची साफसफाई निघाली की सोलापुरात घरोघरी देवाची भांडी चिंचेने घासायला काढतात. एका वर्षी आमच्याकडे मावशीने पॅरिसहून आणलेलं आयफेल टॉवरचं मेडलही, म्हणजे पर्यटक आठवण म्हणून घेतात ते नाण्यासारखं स्मृतिपदक, त्या ढिगात गेलं. लखलखीत झालं, पण त्याचं मूळ तेज गेलं ते गेलंच. ठशाखाली धातू दाबला जातो तेव्हा पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात, टांकसाळीची झळाळी त्यांच्यामुळे असते. आंबट आणि घासणी त्या रेषाच खाऊन टाकतात. म्हणून चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काहीही लावू नका. धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून काढा आणि मऊ कापडाने न घासता टिपून घ्या. काळपटपणा आला असेल तर तो राहू द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती उशिरा कळते. मऊ, वास येणारे प्लॅस्टिकचे अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावं म्हणून घातलेली रसायनं हळूहळू पाझरतात आणि तांबं-पितळेवर हिरवट, चिकट थर चढतो. उष्णतेत हे लवकर होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर तर अल्बम ठेवूच नका. पॉलिएस्टरची पाकिटं किंवा कडक कॅप्सूल, म्हणजे एकेक मेडल ठेवायची पारदर्शक डबी, घ्या. हिरवा थर दिसलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतात. रंग भरलेल्या मेडलला मात्र ॲसिटोन लावू नका, रंग सुटतो.

रबरबँडने गठ्ठा बांधू नका. त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

खरेदीत लोक फक्त चित्र पाहतात. मागची बाजूही पाहा. पॅरिसच्या टांकसाळीच्या पर्यटन मेडलांवर मागे वर्ष असतं, त्यामुळे एकाच वास्तूची दोन मेडलं वेगळी ठरतात. १८८९ मध्ये आयफेल टॉवर चढून जाणाऱ्यांसाठी 'माझ्या चढाईची आठवण' अशा फ्रेंच मजकुराची मेडलं विकली जात, कोणत्या मजल्यापर्यंत गेलात तेही त्यावर असे. मला ही सगळ्यात जास्त आवडतात. पण जुनं म्हणून कुणी देऊ केलं तर आधी भिंगातून कडा तपासा: सांध्याची रेघ, बारीक बुडबुडे, बोथट अक्षरं दिसली तर ती ठशाने न दाबता साच्यात ओतलेली नक्कल असण्याची शक्यता मोठी. 'चांदीचं' म्हणून दिलेलं लोहचुंबकाला चिकटलं तर ते चांदीचं नाही.

आणि चिठ्ठी ठेवा. कुठे, कधी, कुणी आणलं ते पेन्सिलीने लिहा. चिठ्ठी धातूला न लागता वेगळ्या कप्प्यात सरकवा. मावशीच्या मेडलसोबत तशी चिठ्ठी नव्हती. ती कोणत्या साली पॅरिसला गेली होती, ते मागचं वर्ष वाचूनच आम्ही ताडलं.